प्लग-इनची बखर

इतिहास हा विषय शाळेत मला कधी जमला नाही. सनावळ्या पाठ होत नसत. पुढे कॉमर्सला गेलो, त्याचे एक कारण हेच. आकडे तिथेही असतात, पण ते निदान बेरजेला येतात. पानिपतचे १७६१ कशात मिळवायचे, हे मला कोणत्याच मास्तरांनी सांगितले नाही.

तरीही आज मी इतिहास लिहायला बसलो आहे, आणि तोही सनावळीसकट. कारण या इतिहासातल्या एका लढाईत मी स्वतः लढलो आहे. ती २००७ सालच्या मे महिन्यात आमच्या घरी, पलंग आणि गोदरेजचे कपाट यांच्या मधल्या तीन फुटांत झाली. लढाई एका प्लग-इनशी होती.

प्लग-इन म्हणजे काय, ते आधी आमच्या शाखेच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे शेतीकर्जाचे काम सुरू झाले तेव्हा सातबारा धडपणे वाचता येईल असा एकही माणूस शाखेत नव्हता. आम्ही सगळे बी.कॉम. मग हेड ऑफिसने डेप्युटेशनवर एक गृहस्थ पाठवले. काउंटरवर सातबारा आला की आम्ही तो न वाचताच त्यांच्याकडे सरकवायचो. ते आमच्याच हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या एका चौकोनी टेबलाशी बसून तो वाचत आणि स्वतःच्या रजिस्टरात स्वतःच्या खुणांनी नोंद करीत. बाहेरून पाहणाऱ्याला ते आमचेच वाटत. पण त्यांचा पगार दुसरीकडून निघे, रजा दुसरीकडून मंजूर होई आणि त्यांच्या रजिस्टरात काय लिहिले आहे ते आमच्या मॅनेजरलाही कळत नसे. प्लग-इन म्हणजे हे गृहस्थ. शाखा म्हणजे ब्राउझर.

नेटस्केप नावाचा ब्राउझर १९९४ च्या डिसेंबरात बाजारात आला. त्याला मजकूर दाखवता येई, चित्रे दाखवता येत. हलते चित्र किंवा आवाज आला की तो आमच्यासारखाच सातबारा हातात धरून उभा राही. १९९६ साली त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सोय झाली, की जे आपल्याला वाचता येत नाही ते बाहेरच्या माणसाकडे सोपवावे आणि पानातला एक चौकोन त्याला मोकळा करून द्यावा. या सोयीच्या नियमावलीला एन.पी.ए.पी.आय. असे नाव होते. नावावरून ते रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक वाटते, आणि वागायलाही ते तसेच होते.

त्याच वर्षी सॅन दिएगोच्या फ्यूचरवेव्ह या छोट्या कंपनीने चित्रे हलवण्याचे एक साधन काढले. वर्षअखेरीस मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेतली आणि त्या साधनाचे नाव फ्लॅश ठेवले. २००५ साली अॅडोबीने मॅक्रोमीडियालाच विकत घेतले. मोठ्या माशाने लहान मासा गिळावा आणि त्याला आणखी मोठ्याने, हा बँकांच्या विलीनीकरणामुळे आमच्या परिचयाचा प्रकार. दर वेळी पाटी बदलते, कोपऱ्यातला माणूस तोच. यूट्यूब २००५ साली सुरू झाले, तेही फ्लॅशच्याच खांद्यावर बसून. जगातल्या जवळपास प्रत्येक ब्राउझरच्या कोपऱ्यात तेव्हा हे डेप्युटेशनवाले गृहस्थ बसले होते.

आता दुसरा पक्ष. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने संगणकाची एक कार्यप्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव लिनक्स. हिचा थाट असा, की सगळी वह्या-पुस्तके उघडी. ज्याला वाचायची त्याने वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी. म्हणजे ऑडिटर वर्षभर शाखेतच राहायला आलेला. फ्लॅशचा प्लग-इन मात्र सीलबंद पाकिटातून येई. आत काय लिहिले आहे ते मालकालाच ठाऊक. उघड्या वह्यांच्या घरात हे बंद पाकीट आले, आणि पुढचे सारे रामायण तिथून घडले. त्यात लिनक्सवाले मूठभर, त्यामुळे पाकीट त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी यायचे. फ्लॅशची आठवी आवृत्ती तर लिनक्ससाठी निघालीच नाही. सातवीवर दिवस काढणाऱ्या या लोकांना २००७ च्या जानेवारीत एकदम नववी मिळाली. शाळेत याला डबल प्रमोशन म्हणत.

याच सुमारास मी बँकेच्या स्टाफ-लोनवर संगणक घेतला. जुळवाजुळव केलेला. वर विंडोज घ्यायचे तर कर्जाची रक्कम पुरेना. थोरल्या बहिणीचा मुलगा म्हणाला, "मामा, लिनक्स टाक. फुकट आहे."

फुकट या शब्दाला मी लगेच ओ देतो. उबुंटू नावाच्या लिनक्सची मंडळी त्या काळी मागणी नोंदवली की सी.डी. घरपोच पाठवत. टपालखर्चही त्यांचाच. ही शिपइट नावाची योजना २०११ सालापर्यंत चालू होती. माझे वडील, नाना, निवृत्त पोस्टमास्तर. परदेशातून पाकीट आल्यावर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, वरचा शिक्का तपासला, आणि "पाठवणाऱ्याला यातून मिळतं काय?" असा प्रश्न विचारला. उत्तर माझ्या बी.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

मागणी नोंदवताना एक निवड करायची होती. ३२ बिटवाली सी.डी. की ६४ बिटवाली? बिट म्हणजे काय हे मला माहीत नव्हते. पण दोन्हींचा भाव एकच, शून्य. मग ६४ सोडून ३२ घेणारा माणूस बँकेत नोकरीला ठेवण्याच्या लायकीचा नव्हे. मी ६४ वर खूण केली. लढाई मी तिथेच हरलो होतो, पण हे कळायला मे महिना उजाडावा लागला.

मे महिन्यात नानांची पंचाहत्तरी होती. भाचा गावातल्या एका क्लासमध्ये अॅनिमेशन शिकत होता. त्याने फ्लॅशमध्ये नानांसाठी एक शुभेच्छापत्र केले. नानांची सायकल पडद्यावरून डावीकडून उजवीकडे जाते, पोस्टाच्या लाल पेटीपाशी थांबते, घंटी वाजते आणि खुद्द नानांचा आवाज ऐकू येतो. आवाज त्याने गुपचूप कधीतरी टिपून घेतला होता. रविवारी पाहुणे जमले की आमच्या नव्या संगणकावर हे सर्वांना दाखवायचे, असे ठरले. ब्राउझरमध्ये फाइल उघडायची, एवढेच काम. सोमवारी रात्री मी ती उघडली. राखाडी चौकोन दिसला आणि त्यात सूचना, की या पानासाठी प्लग-इन हवा.

भाच्याने फोनवर सांगितले, "सोपं आहे मामा. प्लग-इनची फाइल प्लगिन्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेव, ब्राउझर बंद करून पुन्हा उघड."

मंगळवारी फाइल पेन ड्राइव्हवरून आणली. नाव लिबफ्लॅशप्लेयर डॉट एसओ. आता प्लगिन्स फोल्डर शोधणे आले. तो एक नव्हता. एक सबंध यंत्रासाठी, एक ब्राउझरसाठी आणि एक माझ्या स्वतःच्या घरकुलात. हा तिसरा दिसेचना. लिनक्समध्ये नावापुढे टिंब दिले की फोल्डर डोळ्यांआड होतो. आमच्या मस्टरवर नावापुढे टिंब म्हणजे माणूस आला आहे पण जागेवर नाही. इथेही तसेच होते. शेवटी मी फाइलच्या तीन प्रती काढून तिन्ही ठिकाणी ठेवल्या. ट्रिप्लिकेटची सवय. राखाडी चौकोन होता तिथेच होता.

रात्रीचे दूध घेऊन नाना दारात आले. "झालं का रे सुरू?"

"होतंय, नाना."

बुधवारी भाचा म्हणाला, "ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी अबाउट कोलन प्लगिन्स असं टाईप कर. हजर असलेल्यांची यादी येईल." यादी आली. तीत आमचे गृहस्थ नव्हते. फाइल जागेवर आहे, नाव बरोबर आहे, हजेरीपटावर नाव नाही! मला वाटले, वाचण्याची परवानगी नसेल. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो, गट असतो आणि वाचणे, लिहिणे, चालवणे यांची वेगवेगळी परवानगी असते. जॉइंट अकाउंटसारखे. सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. असे मी शाखेत केले असते तर संध्याकाळपर्यंत सस्पेंड झालो असतो. इथे तर काहीच झाले नाही.

"झालं का रे सुरू?"

"उद्या नक्की, नाना."

"मनिऑर्डरीलासुद्धा इतके दिवस लागत नसत," असे म्हणून नाना झोपायला गेले.

गुरुवारी क्लेश वाढले. भाच्याने सांगितले की ब्राउझर चित्रावर टिचकी मारून न उघडता काळ्या खिडकीतून नाव टाईप करून उघडायचा, म्हणजे तो पोटातले बोलतो. तसे केले. काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ उमटली. तिचा आशय असा, की फाइल सापडली, पण ती ३२ बिटांच्या वर्गातली आहे आणि हा वर्ग चुकीचा आहे.

मी कपाळाला हात लावला. चेक बरोबर, खाते बरोबर, शिल्लक भरपूर, आणि नमुना सही जुळत नाही! माझा ब्राउझर ६४ बिटांचा होता. त्या काळी लिनक्ससाठी फ्लॅशचा प्लग-इन ३२ बिटांचाच मिळे. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात दोन्ही बिटांचे कोड नांदत नाहीत, हा यंत्राचा नियमच आहे. चूक संगणकाची नव्हती, फाइलचीही नव्हती. फुकटातही मोठा आकडा निवडणाऱ्या कारकुनाची होती.

शुक्रवारी भाच्याने तोड काढली. एन.एस.प्लगिनरॅपर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो ३२ बिटांच्या प्लग-इनला वेगळ्या खोलीत बसवी आणि ६४ बिटांच्या ब्राउझरकडे निरोप्याचे काम करी. म्हणजे डेप्युटेशनवरच्या माणसाला दुभाष्या. पण त्या वेगळ्या खोलीत ३२ बिटांचे सामानसुमानही लागे, आणि ते सगळे क्लासमधल्या संगणकावरून उतरवून आणेपर्यंत शनिवारची रात्र झाली. साडेबाराला यादीत नाव आले. राखाडी चौकोन गेला आणि पडद्यावर सायकल आली! पोस्टाच्या पेटीपाशी थांबली. घंटी मात्र वाजली नाही.

रात्री अडीचपर्यंत मी आवाजाच्या सगळ्या सेटिंगा ढवळून काढल्या. शेवटी सौभाग्यवती पाणी प्यायला उठली. तिने संगणकाकडे पाहिले नाही, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाली, "स्पीकरचा प्लग काढून मी मिक्सर लावला होता, तो तसाच आहे."

प्लग-इन आत गेला होता, प्लग बाहेर होता.

रविवारी तीसेक माणसे त्या तीन फुटांत मावली. सायकल आली, थांबली, घंटी वाजली. आणि नानांचा आवाज आला, "झालं का रे सुरू?" भाच्याने टिपायला सुरुवात केली तेव्हा नानांनी हेच विचारले होते, आणि त्याने ते मुद्दाम तसेच ठेवले होते. लगेच पुढे, "बरं. सगळ्यांनी वेळेवर जेवत जा. आणि खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा." एवढाच संदेश. लोक हसले, नानाही हसले. आई तेवढी उठून आतल्या खोलीचा पंखा बंद करून आली.

त्या विजयानंतर शाखेत मी प्लग-इनतज्ज्ञ झालो. लिनक्स घातलेले दोघे-तिघे सहकारी क्लिअरिंगच्या वेळेत कानाला लागत. जावाच्या प्लग-इनचे सोवळे तर आणखी कडक होते. त्याची फाइल नकलून प्लगिन्समध्ये ठेवली की ब्राउझर कोसळे. मूळ फाइल आपल्या जागी ठेवून इथे फक्त दुवा द्यायचा. शिवाय ब्राउझर ज्या कंपायलरने घडवला त्याच्याशी जुळणारीच प्रत हवी, नाहीतर पुन्हा ठणठणाट. हे सारे मला तोंडपाठ झाले. शाळेत सनावळ्या पाठ न होणारा मी, चाळीस-चाळीस अक्षरांचे फोल्डरांचे पत्ते घडाघडा म्हणू लागलो.

आणि इथेच इतिहासाने पाठीत वार केला.

कारण गृहस्थांच्या तक्रारी वाढत होत्या. प्लग-इन ब्राउझरच्या पोटातच चाले, त्यामुळे त्याला चक्कर आली की सबंध ब्राउझर आडवा होई. फायरफॉक्सने २०१० साली त्याला वेगळ्या प्रक्रियेत बसवले, तेव्हा ही आपत्ती कमी झाली. त्याच्या सुरक्षेत भगदाडे सापडत, आणि पाकीट बंद असल्यामुळे ती बुजवायला मालकाचीच वाट पाहावी लागे. २०१० च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोनवर फ्लॅश का नको, याचे जाहीर पत्रच लिहिले. दरम्यान चित्रफीत आणि आवाज स्वतःच वाजवायला ब्राउझर शिकत होते. शाखेतल्या पोरांना सातबारा वाचता येऊ लागला, की कोपऱ्यातल्या टेबलाचे काय होते ते मी पाहिलेले आहे.

लिनक्सवाल्यांची परवड वेगळीच. ६४ बिटांचा फ्लॅश २००८ च्या नोव्हेंबरात चाचणीपुरता आला, २०१० च्या जूनमध्ये काढून घेतला, त्याच वर्षी पुन्हा चाचणीला आला आणि २०११ च्या ऑक्टोबरात एकदाचा कायम झाला. अवघ्या चार महिन्यांत, २०१२ च्या फेब्रुवारीत अॅडोबीने जाहीर केले, की ११.२ नंतर लिनक्सच्या ब्राउझरांना नवी आवृत्ती मिळणार नाही, फक्त सुरक्षेची डागडुजी होईल. टेम्पररीत झिजायचे आणि कन्फर्मेशनच्या पत्रापाठोपाठ व्ही.आर.एस.चे पत्र यायचे, असा प्रकार. २०१६ साली मालकाचे मन पुन्हा पालटले आणि लिनक्ससाठी नवी आवृत्ती आली. पण तोवर घर फिरले होते. क्रोमने २०१५ साली ती १९९६ ची नियमावलीच मोडीत काढली. फायरफॉक्सने २०१७ च्या मार्चमध्ये फ्लॅशखेरीज बाकी साऱ्या प्लग-इनांना निरोप दिला. २०१७ च्या जुलैत अॅडोबीने फ्लॅशच्या निवृत्तीची तारीख लावली, ३१ डिसेंबर २०२०. त्यानंतर १२ जानेवारी २०२१ पासून प्लग-इन स्वतःहूनच काही दाखवायचे नाकारू लागला. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. त्या खात्याने त्या महिन्यात चक्क स्वतःचा ब्राउझर काढला, केवळ त्या फॉर्मांसाठी. सरकारी खात्यांची फॉर्मांवरची माया जगभर सारखीच असते.

हे सगळे मी वर्तमानपत्रात वाचावे तसे अलिप्तपणे वाचत होतो. आपले सातबारेवाले गृहस्थ रिटायर झाले तेव्हाही मी असाच अलिप्त होतो. निरोपसमारंभात बटाटेवडा खाल्ला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने जुन्या बोज्याची नोंद मागितली. रजिस्टर उघडले तर पानभर फुल्या, चांदण्या आणि अर्धे चंद्र. नोंद तिथेच होती, पण वाचणारा गेला होता. मागाहून मला वाटले, आपण तरी कोण? लोक पूर्वी पैसे काढायला माझ्यापाशी येत, आता यंत्रापाशी आणि मोबाइलपाशी जातात. या शाखेच्या एका चौकोनात बसलेला मीही एक प्लग-इनच. काढायचा तेव्हा मला काढतील. पण मी लिहिलेले पुढच्याला वाचता आले पाहिजे.

नाना २०१८ साली गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी आई म्हणाली, "अरे, ती सायकल लाव ना." मी संगणक लावला. नुकत्याच निघालेल्या ८५ व्या आवृत्तीत फायरफॉक्सनेही फ्लॅश काढून टाकला होता. फाइल होती, शाबूत होती, आणि तिच्या जागी रिकामा चौकोन होता. चौदा वर्षांपूर्वी राखाडी चौकोन दिसला तेव्हा निदान काय हवे आहे ते तो सांगत तरी होता. माझे सगळे ज्ञान, तिन्ही फोल्डर, टिंब, दुभाष्या, यांतले काहीही कामाचे नव्हते. आईला मी सांगितले, "होतंय."

भाचा आता संसारी माणूस आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, रफल म्हणून आहे. बघ."

या उघड्या वहीवाल्यांनी फार पूर्वीपासून एक उद्योग चालवला होता, बंद पाकिटातल्या गृहस्थांच्या खुणा लावण्याचा. २००५ च्या अखेरीस ग्नॅश नावाचा प्रकल्प निघाला होता; तो पुरा साधला नाही. रफल हा त्याच वाटेवरचा नवा. फ्लॅशच्या फाइली फ्लॅशशिवाय वाचतो. इंटरनेट अर्काइव्हने २०२० च्या नोव्हेंबरात जुनी फ्लॅश-चित्रे जतन करायला घेतली, तीही याच्याच मदतीने. आमच्या शाखेतही असेच झाले. नवीन आलेल्या एका मुलीने ते चांदण्यांचे रजिस्टर समोर घेतले, जुन्या कर्जांच्या फायली शेजारी ठेवल्या आणि पंधरा दिवसांत कळवले, की चांदणी म्हणजे विहीर, अर्धा चंद्र म्हणजे सामाईक बांध आणि फुली म्हणजे बोजा उतरला. कोणी सांगितले नव्हते तिला. त्या कामाचे तिला वेगळे काही मिळालेही नाही.

रफलची फाइल उतरवली. या वेळी फोल्डर शोधावा लागला नाही, बिट विचारले नाहीत, पैसेही नाहीत. स्पीकरचा प्लग मात्र मी आधी पाहून घेतला. सायकल थोडी अडखळत निघाली, पोस्टाच्या पेटीपाशी थांबली, घंटी वाजली.

"झालं का रे सुरू?"

"झालं, नाना," मी म्हणालो.

आई उठली, आणि पंखा बंद करून आली.